खडू मोडतो तसं विमानाच्या इंजिनातलं सिरॅमिक १३०० डिग्रीला मोडून बघतात, पण कशासाठी?

शाळेत खडू मोडला नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. दोन्ही हातांत धरायचा, अंगठे मधोमध टेकवायचे आणि वाकवायचा. टक्! दोन तुकडे. सरांनी पाठ वळवली की हा कार्यक्रम सुरू.

आता हाच प्रयोग लोखंडी तारेवर करा. तार आधी वाकेल, वाकलेली राहील, परत सरळ केली तर होईल. बरेच हाल केल्यावर मग तुटेल. म्हणजे तार तुटायच्या आधी सांगते, खडू सांगत नाही. खडू, काच, कपबशी, फरशी, वीट, ग्रॅफाइट ही सगळी न सांगणारी मंडळी. यांनाच ठिसूळ पदार्थ म्हणतात.

आता थेट विमानतळावर येऊ. ७ ऑगस्ट २०२२ ला अकासा एअरचं पहिलं विमान मुंबईहून अहमदाबादला उडालं. विमान होतं बोइंग ७३७ मॅक्स आणि त्याला होतं 'लीप' नावाचं इंजिन. इंडिगोच्या काही एअरबस विमानांनाही हेच इंजिन आहे. या इंजिनात सगळ्यात तापणाऱ्या भागात, टर्बाइनच्या फिरणाऱ्या पात्यांभोवती एक कडं असतं. ते धातूचं नाही. ते सिलिकॉन कार्बाइड नावाच्या सिरॅमिकचं आहे. २०१६ पासून ही इंजिनं प्रवासी विमानांत उडतायत. म्हणजे खिडकीची सीट मिळाली म्हणून तुम्ही खुश होता, तेव्हा तुमच्यापासून काही मीटरवर कपबशीच्या लांबच्या नात्यातली एक वस्तू प्रचंड उष्णतेत आपलं काम करत होती.

मग प्रश्न पडतो, जी गोष्ट न सांगता मोडते तिच्यावर एवढा विश्वास ठेवला कसा?

त्याचं उत्तर म्हणजे हा विषय. ठिसूळ वस्तू भट्टीत घालायची, ती लालबुंद नाहीतर पांढरीफटक होईपर्यंत तापवायची आणि तिथेच, आतल्या आत मोडायची. एक नाही, तीसेक वेळा.

धातू असताना सिरॅमिकच्या नादी लागायचंच कशाला?

कारण इंजिन जितकं तापेल तितकं ते इंधनातून जास्त काम काढतं. जेट इंजिनात निकेलचे मिश्रधातू वापरतात. ते साधारण १३०० ते १४०० डिग्री सेल्सिअसच्या दरम्यान वितळतात आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडायला लागतात. इंजिनातला वायू तर त्याहूनही गरम असतो. मग पाती वितळत का नाहीत? कारण त्यांना आतून बारीक वाटा पाडून थंड हवा खेळवलेली असते. पण ही हवा इंजिननेच मेहनतीने दाबलेली असते, ती थंड करण्यात घालवणं म्हणजे कमाईतला हिस्सा परत देणं. सिरॅमिक १३०० डिग्रीच्या आसपास कमी हवेवर भागवतं आणि वजनाला निकेलच्या साधारण एक तृतीयांश असतं.

हे गणित लोकांना फार पूर्वीच कळलं होतं. १९७१ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या 'आर्पा' या संशोधन संस्थेने फोर्ड आणि वेस्टिंगहाउस या कंपन्यांना घेऊन सिरॅमिकच्या गॅस टर्बाइनचा प्रकल्प सुरू केला. प्रकल्पाच्या नावातच 'ठिसूळ पदार्थांचं डिझाइन' असे शब्द होते. त्यातून रस्त्यावर धावणारी सिरॅमिक टर्बाइनची गाडी काही आली नाही. पण ठिसूळ वस्तू वापरायची तर आधी ती मोजायची कशी, या प्रश्नाला मात्र अख्खी इंजिनिअरिंगची दुनिया गंभीरपणे भिडली. त्यानंतर १९८५ मध्ये जपानमध्ये निसानने फेअरलेडी झेड गाडीच्या टर्बोचार्जरमध्ये सिलिकॉन नायट्राइड या सिरॅमिकचं चाक बसवून ती बाजारात आणली.

मोजायला अवघड काय आहे त्यात?

स्टीलची ताकद विचारली की एक आकडा मिळतो. एकाच गजाचे दहा तुकडे कापा, दहाही जवळपास सारख्याच वजनाला हार मानतील. सिरॅमिकचं तसं नाही. एकाच भट्टीत, एकाच दिवशी बनवलेल्या दहा पट्ट्या मोडल्या तर कुणी २५० ला जाईल, कुणी ३४० ला. (हे आकडे मेगापास्कलमध्ये आहेत. १ मेगापास्कल म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलोचा जोर.)

असं होतं, कारण ठिसूळ वस्तूची ताकद तिच्या मटेरियलवर नाही, तर तिच्यातल्या सगळ्यात वाईट चिरेवर ठरते. घडवताना आत राहिलेलं एखादं बारीकसं छिद्र, घासताना पडलेला ओरखडा, एखादा भलताच मोठा कण. जोर दिला की सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो. धातू असेल तर तिथे तो थोडा सरकतो, टोक बोथट होतं, ताण वाटला जातो. सिरॅमिकला सरकता येत नाही, त्यामुळे चीर सरळ पळत सुटते.

ब्रिटनच्या ए. ए. ग्रिफिथ या इंजिनिअरने १९२० च्या सुमारास हे काचेवर दाखवून दिलं. त्याने काचेचे धागे ओढले, बारीक, अजून बारीक. जाड काडीपेक्षा सगळ्यात बारीक धागा सुमारे २० पट ताकदवान निघाला. काच तीच. पण एवढ्याशा धाग्यात मोठी चीर बसायला जागाच नव्हती.

मग १९३९ मध्ये स्वीडनच्या वालोडी वायबुल यांनी याचं गणित मांडलं. त्यांची कल्पना साखळीची आहे. दहा कड्यांच्या साखळीपेक्षा हजार कड्यांच्या साखळीत एखादी कच्ची कडी निघण्याची शक्यता जास्त. म्हणून वस्तू जितकी मोठी, तितकी ती कमजोर. आपल्या अंदाजाच्या हे बरोबर उलटं आहे. साध्या सिरॅमिकसाठी हिशोब केला तर आकारमान हजार पट वाढवल्यावर ताकद साधारण निम्मी होते.

वायबुलच्या गणितात एक आकडा असतो, त्याला वायबुल मॉड्युलस म्हणतात. पट्ट्या मोडण्याचे आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत ते तो सांगतो. बऱ्याच सिरॅमिकसाठी तो १० च्या आसपास येतो, धातूंसाठी त्याच्या कितीतरी पट. आमच्यासारख्या मास कॉमवाल्यांना ग्रीक अक्षरं दिसली की घाम फुटतो, पण या आकड्याचं महत्त्व साध्या उदाहरणात कळतं.

समजा एका सिरॅमिकची सरासरी ताकद ३०० मेगापास्कल आहे आणि वायबुल मॉड्युलस १०. तुम्हाला त्याचा असा पार्ट बनवायचाय की दहा लाखांत एखादाच मोडला पाहिजे. मग त्याच्यावर किती ताण देता येईल? ३०० नाही, २०० पण नाही. गणित सांगतं, जेमतेम ८०. आता दुसऱ्या कंपनीच्या सिरॅमिकची सरासरीही ३०० च आहे, पण वायबुल मॉड्युलस २०. त्याच्यावर मात्र १५० च्या वर ताण चालतो. म्हणजे जाहिरातीत दोघांची ताकद सारखी आणि प्रत्यक्षात एक दुसऱ्याच्या दुप्पट कामाचा. सरासरी बघून विमान बनवलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

म्हणूनच एक पट्टी मोडून भागत नाही. अमेरिकेच्या एएसटीएम संस्थेचं स्टँडर्ड सांगतं की नुसती सरासरी काढायची तरी किमान १० पट्ट्या हव्यात आणि वायबुलचा आकडा हवा असेल तर किमान ३०.

पट्टी मोडतात कशी?

धातूची चाचणी करताना त्याला दोन्ही टोकांना पकडून ओढतात. सिरॅमिकला ओढणं महाकठीण. पकड घट्ट केली तर ते पकडीतच तडकतं आणि ओढण्याची रेषा केसभर जरी तिरकी झाली तरी पट्टी एका बाजूला वाकून वेळेआधीच मोडते. म्हणून वर्गातल्या खडूचीच आयडिया वापरली जाते, वाकवायचं.

पट्टी असते ३ मिलिमीटर जाड, ४ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर लांब. काडेपेटीत सहज मावेल एवढी. खाली ४० मिलिमीटर अंतरावर दोन रोलर, वर २० मिलिमीटर अंतरावर दोन रोलर. वरून हळूहळू दाबायचं. पट्टीची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. दाब ठिसूळ पदार्थ चिकार सहन करतो, विटांच्या इमारती उभ्या आहेत त्या याच जोरावर. ताण मात्र त्याला झेपत नाही. त्यामुळे मोडायला सुरुवात खालून होते.

वर एकच रोलर ठेवला तर? तेही करतात. पण मग सगळ्यात जास्त ताण फक्त मधल्या एका रेषेवर येतो आणि सगळ्यात वाईट चीर नेमकी तिथे असेलच असं नाही. पट्टी आहे त्यापेक्षा ताकदवान वाटते. दोन रोलर ठेवले की त्यांच्यामधल्या अख्ख्या २० मिलिमीटरवर सारखा ताण येतो, चिरेला लपायला जागा राहत नाही.

३०० मेगापास्कलच्या पट्टीला मोडायला किती वजन लागतं, तर साधारण ३७ किलो. तांदळाचं दीड पोतं म्हणा, २५ किलोवालं. एवढ्याशा तुकड्यावर. पट्टीच्या कडासुद्धा आधी हलक्या तासून घेतात आणि घासायचं ते लांबीच्या दिशेने, आडवं नाही. नाहीतर कापताना पडलेल्या ओरखड्यामुळे पट्टी मोडायची आणि आपण मटेरियलला नावं ठेवायचो.

इथपर्यंत सगळं टेबलावर जमतं. खरी गंमत भट्टीत आहे.

हेच १३०० डिग्रीला करायचं तर पहिला प्रश्न, रोलर कशाचे? स्टीलचे ठेवले तर पट्टीआधी तेच लोळतील. म्हणून रोलर, त्यांचा आधार आणि वरून दाबणारा दांडा, सगळं सिरॅमिकचंच घेतात, बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइड किंवा ॲल्युमिना. म्हणजे ठिसूळ वस्तूची परीक्षा घ्यायला ठिसूळच परीक्षक! त्यात पट्टी आणि रोलर तापून एकमेकांना चिकटणार नाहीत, हेही बघावं लागतं. जोर मोजणारा सेन्सर उष्णतेत टिकत नाही, तो भट्टीच्या बाहेर, पाण्याने थंड केलेल्या भागात बसवतात.

दुसरा प्रश्न, भट्टी कुठली? हवेतच तापवायचं असेल तर मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या कॉइल वापरून साधारण १७०० डिग्रीच्या पुढेपर्यंत जाता येतं. २००० च्या वर जायचं तर ग्रॅफाइटच्या भट्ट्या लागतात, पण ग्रॅफाइट हवेत जळून जातं, म्हणून आत निर्वात करायचं किंवा आरगॉन वायू भरायचा. इथेच एक पेच येतो. आरगॉनमध्ये घेतलेला आकडा आरगॉनमधलाच. इंजिनात आरगॉन नसतो, तिथे ऑक्सिजन असतो, इंधन जळून झालेली वाफ असते. ही गरम वाफ सिलिकॉन कार्बाइडवर तयार झालेला काचेसारखा संरक्षक थर हळूहळू खाते. म्हणून इंजिनातल्या कड्यावर वेगळं कोटिंग द्यावं लागतं. आणि म्हणून चाचणीच्या रिपोर्टमध्ये तापमानाइतकंच 'कुठल्या हवेत मोडलं' हेही लिहावं लागतं.

तिसरा, पट्टी किती वाकली हे बघायचं कसं? आत हात घालायची सोय नाही. कॅमेरा लावावा तर वस्तू स्वतःच एवढी चमकते की फोटोत नुसता उजेड येतो. यावर उपाय भन्नाट आहे. तापलेली वस्तू लाल-पिवळा उजेड जास्त फेकते, निळा कमी. म्हणून तिच्यावर निळा प्रकाश टाकायचा, कॅमेऱ्याला निळा फिल्टर लावायचा आणि चकाकी गाळून टाकायची.

तापल्यावर होतं काय?

आपला अंदाज साधा असतो, तापलं की कमजोर होणार. सिलिकॉन नायट्राइडच्या बाबतीत तो बऱ्यापैकी बरोबर निघतो. ते बनवताना कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून यट्रियासारखी ऑक्साइडं मिसळतात. त्यांची कणांच्या मधोमध काचेसारखी पातळ साय बनते. थंड असताना ती सिमेंटचं काम करते. साधारण १००० ते १२०० डिग्रीच्या पुढे हीच साय मऊ पडायला लागते आणि कण एकमेकांवरून सरकायला लागतात. पोलाद कारखान्यात वितळलेलं पोलाद ज्या भल्यामोठ्या बादल्यांतून नेतात, त्यांच्या आतल्या विटांचंही असंच. थंडपणी दगडासारखी वाटणारी वीट आतल्या मळीमुळे गरम झाल्यावर ढेपाळू शकते. म्हणून या विटाही भट्टीत, बऱ्याचदा १४०० डिग्रीला मोडून बघतात.

ग्रॅफाइट मात्र सगळ्यांना खोटं पाडतं. पेन्सिलीतल्या शिशाचा मुख्य घटक असलेलं हे ग्रॅफाइट तापवत गेलं की त्याची ताकद वाढते! सुमारे २५०० डिग्रीपर्यंत वाढतच जाते, थंड असतानाच्या दीडपट ते दुप्पट. याचं कारण असं सांगतात की ग्रॅफाइटचे स्फटिक थंड होताना एका दिशेला जास्त आकसतात, दुसऱ्या दिशेला कमी. त्यामुळे थंड ग्रॅफाइटच्या आत आधीच ताणाताणी आणि बारीक फटी असतात. तापवलं की स्फटिक परत फुगतात, फटी मिटतात, ताण सैल होतो. थंड प्रयोगशाळेत बसून हे कुणालाही कळलं नसतं.

आणि लीप इंजिनातलं कडं? तिथे नुसतं सिलिकॉन कार्बाइड नसतं. त्याचेच केसापेक्षा बारीक धागे त्याच्याच आत विणलेले असतात आणि धाग्यांवर बोरॉन नायट्राइडचा पातळ मुलामा असतो. चीर धाग्यापाशी आली की मुलाम्यावरून बाजूला वळते, सरळ पळत नाही. पण अशा मटेरियलच्या काही प्रकारांना सगळ्यात जास्त तापमान नाही, तर मधलं, ७०० ते ९०० डिग्रीचं तापमान जास्त छळतं. चिरेतून शिरलेला ऑक्सिजन तिथे मुलामा खराब करतो आणि त्या तापमानाला चीर बुजवणारी काच पुरेशी तयार होत नाही. म्हणजे फक्त १३०० ला तपासून 'पास' म्हटलं असतं तर घोटाळाच होता.

वेळेचाही मुद्दा आहे. भट्टीत भराभर दाबलं तर पट्टी एका आकड्याला मोडते, सावकाश दाबलं तर त्यापेक्षा कमी आकड्याला. कारण गरम असताना चीर थोडी थोडी सरकत राहते, तिला वेळ दिला की ती मोठी होते. विमानाचा पार्ट तर हजारो तास आत असतो. त्यामुळे पट्टीवर कमी वजन ठेवून ती दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे तापत ठेवायची आणि वाट बघायची, अशाही चाचण्या करतात.

या सगळ्यात कोलंबिया आठवल्याशिवाय राहत नाही. १ फेब्रुवारी २००३ ला पृथ्वीवर परतताना ते यान तुटलं आणि कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. त्या यानाच्या पंखांची पुढची कड कार्बनच्या धाग्यांनी मजबूत केलेल्या कार्बनची होती, वर सिलिकॉन कार्बाइडचं कोटिंग. जाडी साधारण ६ मिलिमीटर. परतताना ती १६५० डिग्रीच्या आसपास तापायची आणि त्या उष्णतेसाठी ती नीट तपासलेली होती, अनेक उड्डाणांत टिकलीही होती. पण १६ जानेवारीला उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या सुमारास इंधनाच्या टाकीवरचा फोमचा सुमारे पाऊण किलोचा तुकडा निघून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. एवढ्या मोठ्या तुकड्याचा मारा या मटेरियलवर आधी करून बघितलेला नव्हता. फोम तर हलका असतो, तो काय करणार, असं अनेकांना वाटत होतं.

७ जुलै २००३ ला टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या साउथवेस्ट रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये तसाच फोमचा तुकडा ताशी साधारण ८५० किलोमीटर वेगाने यानाच्या खऱ्या पॅनेलवर मारला. ही चाचणी भट्टीतली नव्हती, कारण आदळताना पंख तापलेला नव्हता. पॅनेल वाकलं नाही, चेपलं नाही. त्याला जवळपास ४० सेंटिमीटर लांबी-रुंदीचं भगदाड पडलं. तशाच भगदाडातून परतताना गरम वायू पंखात शिरला होता.

पट्ट्या मोडल्यावर काम संपत नाही, एक किचकट भाग उरतो. भट्टीत तुकडे विखुरलेले असतात, ते थंड झाल्यावर चिमट्याने वेचायचे, कुठल्या पट्टीचा कुठला तुकडा ते जुळवायचं आणि मायक्रोस्कोपखाली तुटलेली बाजू बघायची. नीट मोडलेल्या सिरॅमिकवर एक आरशासारखा गुळगुळीत ठिपका दिसतो. त्याच्या मधोमध असतं ते छिद्र किंवा तो ओरखडा, जिथून सुरुवात झाली. पण मोडणं हवेतल्या भट्टीत झालं असेल तर ती ताजी बाजू काही मिनिटांत ऑक्सिजनने झाकोळते आणि पुरावा पुसला जातो. म्हणून पट्टी मोडली की शक्य तितक्या लवकर भट्टी थंड करायला घेतात. मग पुढची पट्टी. अशा तीस.